ओल्या छताचे फोटो

माझ्या कपाटात एक छोटा डिजिटल कॅमेरा आहे. त्याच्या कार्डात एकतीस फोटो आहेत आणि एकतीसच्या एकतीस आमच्या स्वयंपाकघराच्या छताचे आहेत. माणूस एकाही फोटोत नाही. असले फोटो काढणाऱ्याचं डोकं ठिकाणावर नसणार असं कुणाला वाटलं तर मी वाद घालणार नाही. त्या दिवसांत ते नव्हतंच. मला माझ्या सख्ख्या भावाला चारचौघांत खोटं पाडायचं होतं आणि त्यासाठी पुरावा हवा होता.

आमचे वडील साताऱ्याकडून आले आणि वाशीच्या बाजारात माथाडी म्हणून राबले. पोती वाहून वाहून मान खांद्यात रुतली होती त्यांची. त्यांच्या मनात एकच होतं, की दोन्ही मुलांनी एकाच बिल्डिंगमध्ये राहावं. तसं नेरूळला जमलंही. दादाला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट मिळाला आणि मला बरोबर त्याच्या खालचा, पहिल्या मजल्यावरचा. माझ्या खाली पार्किंग. गावाकडची माणसं आली की म्हणायची, भाऊ असावेत तर असे. आम्हीही माना डोलवायचो.

धाकटी बहीण लग्न होऊन खांदेश्वरला गेलेली, म्हणून वडील गेल्यावर आईची वाटणी आम्हा दोघा भावांतच झाली. कुणी बसून ठरवली नाही, आपोआपच पडली. एक महिना ती दादाकडे राहायची, एक महिना माझ्याकडे. एक तारीख आली की आपली कापडी पिशवी, गोळ्यांचा डबा आणि जपमाळ घेऊन ती जिना चढायची किंवा उतरायची. अठरा पायऱ्या. आमच्या दोघांच्याही बायका नोकरी करणाऱ्या, त्यामुळे आईचं घरात असणं दोघींनाही सोयीचं होतं. हे बोलायला बरं वाटत नाही, पण खरं आहे ते असं आहे.

मग छताला ओल आली. स्वयंपाकघराला लागून कपड्यांचं मशीन ठेवायला जी ड्राय बाल्कनी असते, त्या बाजूने आधी रंग फुगला, मग पोपडे सुटायला लागले. एकदा बायको कणीक मळत होती आणि पोपडा सरळ परातीत पडला. मी वर गेलो आणि दादाला सांगितलं की तुझ्या बाथरूममधून गळतंय, बघून घे. दादाने प्लंबर आणला. बाथरूमची जाळी बुजवून दिवसभर पाणी साठवून ठेवलं. माझ्या छतावर एक थेंब आला नाही. दादा म्हणाला, आमच्यात काही नाही, तुझाच स्लॅब कच्चा असेल. पुढच्या महिन्यात पुन्हा ओल. मी पुन्हा वर गेलो. या वेळी आवाज चढले. वरचा फ्लॅट मिळाला नाही म्हणून तुझ्या पोटात दुखतंय, असं दादा म्हणाला. मी त्याला जे बोललो ते इथे लिहीत नाही. वहिनीने दार लावून घेतलं. त्यानंतर जिन्यात समोरासमोर आलो तर एकजण मोबाईल बघायचा आणि दुसरा भिंत.

आता दोन्ही घरांत जाणारं माणूस एकच उरलं होतं, आई. वर असली तरी खाली भाजीची वाटी आणायची, खाली असली तरी वर चटणी पोचवायची. निरोपही तीच न्यायची, आणि नेताना त्यातलं तिखट काढून टाकायची हे मला ठाऊक होतं. तिचं मागणं एवढंच होतं की तुम्ही दोघांनी एकदा समोर बसून बोला. रोज म्हणायची. मी म्हणायचो, तुझ्या थोरल्याला सांग. वर गेली की दादाही नेमकं हेच म्हणायचा. आई जिवंत असून दोन्ही मुलगे पोरके झाल्यासारखे वागत होते आणि मधल्या मध्ये ती जिना झिजवत होती. मला ते दिसत होतं. पण माझ्या डोक्यात छत होतं.

सोसायटीच्या सेक्रेटरींकडे तक्रार केली. ते गोदीतून निवृत्त झालेले गृहस्थ, आयुष्यभर कामगारांच्या पाळ्यांचे तक्ते लावलेले. शांतपणे म्हणाले, लेखी द्या आणि फोटो जोडा, पण फोटोवर तारीख पाहिजे. नाहीतर समोरचा म्हणेल, जुना फोटो आहे.

हे मला फार पटलं. मी रबाळ्याला एका औषध कारखान्यात पॅकिंग खात्यात आहे. बॅच नंबर आणि तारीख छापलेली नसेल तर आमच्याकडे मालाला माल म्हणत नाहीत, कचरा म्हणतात. वीस वर्षं तेच बघतोय. माणूस खोटं बोलेल, छापलेली तारीख बोलणार नाही, असं माझं तत्त्वज्ञान होतं. मोठा शहाणा होतो मी.

मोबाईलवर काढून बघितले, पण मोबाईल आजकाल फोटो काढत नाही, मेकअप करतो. माझं काळपट, पोपडे सुटलेलं छत त्यात गोरंपान आणि गुळगुळीत यायचं. शिवाय मोबाईलच्या फोटोवर तारीख टाकली तरी ती मागून टाकली असं म्हणायला दादा मोकळा. म्हणून ठरवलं की साधा, स्वस्त, खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा घ्यायचा, ज्यात फोटो निघतानाच कोपऱ्यात तारीख उमटते.

असले कॅमेरे आता नवीन फारसे मिळत नाहीत. स्टेशनजवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात जुने होते. दुकानदाराने आधी मला नीट पाहून घेतलं आणि विचारलं, मुलीसाठी पाहिजे का. हल्ली कॉलेजच्या पोरी हेच शोधत येतात म्हणे, जुन्या कॅमेऱ्याचा फोटो त्यांना भारी वाटतो. मी म्हटलं, छतासाठी पाहिजे. त्याने तीन कॅमेरे काढून काचेवर ठेवले. एक दिसायला देखणा होता, पण त्याची बॅटरी खास कंपनीची आणि चार्जर हरवलेला. दुसऱ्याचा झूम लांबलचक, पण मला छतावर चंद्र बघायचा नव्हता. तिसरा जाडजूड, कडेचा रंग उडालेला, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. सेल कुठेही मिळतात. मेनूमध्ये तारीख छापायची सोय होती, फ्लॅश बंद करता येत होता आणि दहा सेकंदांचा टायमर होता. मी तिथेच उभं राहून दुकानाच्या छताचे चार फोटो काढले, तारीख नीट उमटते का ते मोठं करून बघितलं, चारही पुसून टाकले आणि तोच घेतला. बायकोची साडीसुद्धा एवढी निरखून घेतली नव्हती कधी.

कॅमेरा स्वस्तातला असला की त्याचे नखरे सांभाळावे लागतात. फ्लॅश मारला की ऑइल पेंटवर पांढरा गोळा यायचा आणि ओल गायब. फ्लॅश बंद केला की हात हलायचा आणि सगळं धूसर. शेवटी युक्ती सापडली. ओट्यावर तांदळाचा डबा ठेवायचा, त्यावर कॅमेरा उताणा झोपवायचा, टायमर लावायचा आणि आपण लांब व्हायचं. लेन्स कुरकुरत बाहेर यायची, लाल दिवा लुकलुकायचा आणि खट. सेल बदलले की कधीकधी घड्याळ मूळपदावर जायचं, म्हणून प्रत्येक वेळी आधी तारीख तपासायची. त्यात माझी एकदाही चूक झाली नाही. हे मी अजूनही छातीठोकपणे सांगू शकतो आणि त्याचंच आता वाईट वाटतं.

दर रविवारी सकाळी चहा झाला की हा सोहळा. ओल दिसली तर फोटो ठेवायचा. छत कोरडं असेल तर तो फोटो लगेच पुसून टाकायचा, कारण कोरड्या छताचा पुरावा मला काय कामाचा. आई खाली आमच्याकडे असायची तेव्हा दारात उभी राहून हे बघायची. एकदा म्हणाली, माझा काढ की एक. मी म्हटलं, सेल संपतील. ती हसली आणि लसूण सोलायला बसली.

सव्वा वर्षात एकतीस फोटो जमले. सगळे पोस्टकार्ड आकारात छापून घेतले, अल्बममध्ये ओळीने लावले. प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात केशरी रंगात तारीख. अल्बम बंद करताना मला जे समाधान वाटलं ते मुलाच्या बारशाच्या अल्बमलाही वाटलं नव्हतं.

सोसायटीची सभा पार्किंगमध्ये भरते. रविवारी सकाळी खुर्च्या मांडल्या होत्या. दादा पुढच्या रांगेत एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. मागे बायका बसल्या होत्या, त्यांच्यात आई. तिला मी येऊ नको म्हटलं होतं. पण दोन्ही मुलगे एका जागी येणार म्हटल्यावर ती कसली थांबते. इस्त्रीचं लुगडं नेसून आली होती.

सेक्रेटरींनी अल्बम उघडला. मी वाट बघत होतो की ते मान हलवतील, च्च करतील, फोटो सगळ्यांना दाखवतील. ते फक्त तारखा बघत होते. एक पान, दुसरं पान, मग पुन्हा पहिलं. मग त्यांनी पेन काढलं आणि कागदावर काहीतरी उभं-आडवं लिहायला लागले. बऱ्याच वेळाने मला विचारलं, मधले महिने कुठे आहेत. मी सांगितलं, त्या महिन्यांत ओल नसायची, म्हणून ते फोटो ठेवले नाहीत.

"म्हणजे एक महिना गळतं आणि एक महिना गळत नाही," ते म्हणाले. "पाळी लावल्यासारखं."

मी म्हटलं, हो, तसंच. आणि तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. तो पडला आमच्या पार्किंगमधल्या एका पांढऱ्या गाडीच्या मालकाच्या. त्याची गाडी नेमकी माझ्या ड्राय बाल्कनीखाली उभी असते. तो उठून म्हणाला की त्याच्या बॉनेटवरही एका महिन्याआड साबणाचे डाग पडतात, तो इतके दिवस कबुतरांना शिव्या घालत होता. सेक्रेटरींनी त्याला महिने विचारले. माझ्या अल्बममध्ये जे महिने नव्हते, नेमके तेच. मग त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि मागे बघितलं. सगळ्या पार्किंगने मागे बघितलं. आमची आई कुठल्या महिन्यात कुठल्या मजल्यावर असते हे बिल्डिंगमध्ये वॉचमनपासून सगळ्यांना पाठ होतं.

सेक्रेटरींनी फार अदबीने विचारलं, आजी, तुम्ही कपडे कुठे धुता. आई उभी राहिली. आपल्याला कुणी काही विचारलं याचा तिला आनंदच झाला होता.

"बाल्कनीत धुती. मोरीत अंधार हाय, पाय घसरतो. हितं उजेड पडतो."

मग तिने हौसेने सगळं सांगितलं. मुलं-सुना कामाला गेली की दहा वाजता ती बसते. मशीनमध्ये कॉलरचा मळ निघत नाही. धाकट्याचे शर्ट पांढरे असतात, कारखान्यात मळतात, म्हणून त्याचे कपडे ती वर असतानाही खाली येऊन घेऊन जाते. भिजवते, घासते, दोन-तीन बादल्या पाण्यात खळबळते. पाणी जातं कुठेतरी. धाकटा म्हणजे मी. आमच्या दोन्ही बाल्कन्यांत फक्त मशीनच्या पाइपापुरतं भोक आहे, फरशीला उतार नाही, खाली वॉटरप्रूफिंग नाही. प्लंबर आला होता तेव्हा आई खाली माझ्याकडे होती आणि त्याने तपासलं ते बाथरूम. माझ्याच शर्टांचं पाणी माझ्या छतातून गळत होतं आणि मी दर रविवारी त्याचा फोटो काढत होतो.

पार्किंगमध्ये हशा पिकला. दुष्ट नव्हता तो, पण मोठा होता. कुणीतरी म्हणालं, केस सॉल्व्ह. आईही हसली, सगळे हसतायत म्हणून. मग तिने दादाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. तिला कळलं की हे सगळं तिच्यावर आलंय.

त्या क्षणी मी काय करायला हवं होतं ते शेंबड्या पोरालाही सुचलं असतं. उठून म्हणायचं होतं की चूक आमची, आम्ही बघितलं नाही. पण हरलेल्या माणसाला आधी आपली कातडी वाचवायची असते. दादा माझ्याकडे वळला. सव्वा वर्षात पहिल्यांदा माझ्याशी बोलला.

"तिला मी मशीन वापर म्हणून सांगितलं होतं."

"मीपण सांगितलं होतं," मी म्हणालो. "ऐकेल तर ना."

दोघांनीही कधीच सांगितलं नव्हतं. आयते इस्त्रीला जाण्याजोगे स्वच्छ शर्ट मिळत असताना कोण सांगतो. पण आमचं एकमत झालं. सव्वा वर्ष जे जमलं नव्हतं ते दोन वाक्यांत जमलं, आणि आईला मध्ये घालून जमलं. इतिवृत्तात नोंद झाली की ज्येष्ठ सदस्यांनी ड्राय बाल्कनीत कपडे धुऊ नयेत, तशी संबंधित कुटुंबांनी समज द्यावी. आम्ही दोघांनी खाली सह्या केल्या. संबंधित कुटुंब म्हणून.

दुपारी दादा माझ्या घरी चहाला आला. दोघांनी छताकडे मान वर करून बघितलं, रंग कुठला मारायचा यावर बोललो, प्लंबरला शिव्या घातल्या. वहिनीने वरून शिरा पाठवला. बायको म्हणाली, बरं झालं बाई, एकदाचं मिटलं. आई सोफ्याच्या कडेला बसून होती. आम्ही बोलत होतो हे ती ऐकत होती, पण तिला कुणी त्यात घेतलं नाही.

पुढच्या दिवसांत तिने पाण्याला हात लावणं कमी केलं. आंघोळ अर्ध्या बादलीत. ताट धुताना नळ सोडायची नाही, तांब्यात घेऊन विसळायची. ओट्यावर दोन थेंब सांडले तरी पदराने पुसायची आणि वर छताकडे नाही, खाली फरशीकडे बघायची. बायकोने तिला सांगितलं की एवढं काही नको, तर म्हणाली, कुणाच्या गाडीवर पडाया नगं. मला ते दिसलं, आणि मी ते होईल सवय म्हणून सोडून दिलं.

एक तारखेला तिने पिशवी भरली. वर जायचा महिना होता. संध्याकाळी मी कामावरून आलो तर दादाचा फोन, आई अजून आली नाही. ती वर गेलीच नव्हती. रिक्षा करून खांदेश्वरला आमच्या धाकट्या बहिणीकडे निघून गेली होती. बहीण तिथे तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहते, नवरा टेम्पो चालवतो. आणि आमची आई अशी, की लेकीच्या लग्नाला बारा वर्षं झाली तरी तिच्या घरचं फक्त पाणी प्यायची आणि संध्याकाळच्या आत परत यायची. दोन मुलगे असताना आईबापाने लेकीच्या दारात अन्न खाऊ नये, लोक मुलांना नावं ठेवतात, असं ती मानायची. आमची अब्रू सांभाळत होती ती बारा वर्षं.

रविवारी मी आणि दादा एकाच बाइकवरून तिला आणायला गेलो. ती घरामागच्या नळावर उन्हात धुणं धूत बसली होती. जावयाचे खाकी कपडे. आम्हाला पाहून उठली नाही. हात चालूच.

"दोगं एकाच गाडीवं आलासा," ती म्हणाली. "लई बरं वाटलं बगून."

दादाने सांगितलं, चल घरी, सगळं मिटलंय. बाल्कनीत उतार करून घेतो, वॉटरप्रूफिंग करतो, तुला पाहिजे तिथे धू. मीही माझ्या बाल्कनीचं तेच म्हणालो. तिने शर्ट पिळला, झटकला, दोरीवर टाकला आणि मग माझ्याकडे वळली. दादाकडे नाही, माझ्याकडे.

"सव्वा वरीस फोटू काडत हुतास. मी तितंच दारात हुती. एकदा इचारलं असतंस, आये पानी कुटं वततीस, तर त्याच दिशी सांगितलं असतं मी."

मी भिंतीकडे बघितलं. दादा मोबाईल काढून उगाच बघत राहिला. तिने हात पुसले आणि बहिणीला आमच्यासाठी पोहे टाकायला सांगितले. आम्ही खाल्ले. ती समोर बसून आम्हाला वाढत होती, आणखी घे म्हणत होती, पाहुण्यांना म्हणतात तसं. निघताना तिने पिशवी घेतली नाही आणि आम्हीही दुसऱ्यांदा म्हटलं नाही. खरं सांगायचं तर दोघांनाही दुसऱ्यांदा नकार ऐकायचा नव्हता.

याला दोन वर्षं झाली. ती अजून खांदेश्वरलाच आहे. छत कोरडं आहे, रंग चांगला बसलाय. आम्ही दोघे भाऊ रोज बोलतो, पाण्याच्या टाकीपासून मुलांच्या क्लासपर्यंत सगळ्यावर बोलतो. आईचं नाव मात्र दोघांपैकी कुणीच काढत नाही.